खो मिळण्याची वाट

आठवीच्या मुली शेवटच्या तासाला खो-खो खेळत होत्या आणि मी मैदानाच्या कडेला वह्या तपासत बसले होते. खटाव आणि खानापूर तालुक्यांच्या सीमेवरचं गाव. जूनचा शेवट होता, दोन सरी येऊन गेल्या होत्या, माती मऊ झाली होती. रांगेत पाचव्या चौकोनात एक नवी मुलगी बसली होती. तिचे वडील गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा आमच्या विटा, आटपाडी, मायणी भागातल्या माणसांनी देशभर नेलाय. आजी अंथरुणाला खिळली म्हणून माय-लेकी गावी परतल्या होत्या. मुलीचं मराठी घरचंच, पण लहानपणापासून तमिळ कानावर पडल्यामुळे हेल वेगळा होता. वर्गात ती वाचायला उभी राहिली की मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

खो-खोत आपल्या मनानं उठता येत नाही. पाठलाग करणारी पाठीला हात लावून ‘खो’ म्हणेल तेव्हाच उठायचं. ही मुलगी पाय रोवून, बोटं मातीत टेकवून तयारीत बसलेली असायची. कुणी जवळून धावत आलं की मान वळायची, खांदे पुढे यायचे. खो शेजारच्या चौकोनात जायचा, तिसऱ्या चौकोनात जायचा, खांबाजवळ जायचा. पूर्ण डाव संपला, तिला एकदाही मिळाला नाही. डाव संपल्यावर ती उठली, गुडघे झटकले, नळावर गेली आणि बराच वेळ हातावर नुसतं पाणी सोडत राहिली.

मी जवळ जाऊन म्हटलं, “मनावर घेऊ नकोस गं. उद्या देतील.”

तिनं मान हलवली. मी वह्यांकडे परत आले. चार शब्द बोलून आपण काहीतरी केलं असं मला तेव्हा वाटलं होतं. ते किती अपुरं होतं हे पुढे या विषयावर वाचत गेले तसं कळत गेलं. वगळलं गेलेल्या माणसाच्या मनात नेमकं काय होतं, याचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. प्रत्येक शिक्षकाला, आईबापाला, मंडळाच्या अध्यक्षाला तो ठाऊक असावा असं मला कळकळीनं वाटतं.

किपलिंग विल्यम्स नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते, कुत्रा सोबत होता. फ्रिसबी, म्हणजे ती उडवायची प्लास्टिकची थाळी, त्यांच्याजवळ येऊन पडली. दोन अनोळखी माणसं खेळत होती. विल्यम्सनी थाळी परत फेकली. त्या दोघांनी ती पुन्हा त्यांच्याकडे टाकली आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं बंद केलं. भांडण नाही, शब्द नाही, दोघं पुन्हा आपापसात खेळायला लागले. विल्यम्सना आश्चर्य वाटलं ते स्वतःचंच. ओळख ना पाळख, पुन्हा कधी भेटणार नाहीत अशी माणसं, तरी पोटात खड्डा पडला होता.

त्यातून त्यांनी एक साधा प्रयोग उभा केला. संगणकाच्या पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात. त्यातले एक तुम्ही. बाकीचे दोघे कुठेतरी दुसरीकडे बसून खेळतायत असं तुम्हाला सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात त्यांची चाल आधीच ठरवलेली असते. सुरुवातीला दोन-तीनदा चेंडू तुमच्याकडे येतो, मग येतच नाही. सायबरबॉल हे त्याचं नाव. २००० साली छापलेल्या पहिल्या अभ्यासात ६२ देशांतल्या १,४८६ जणांनी इंटरनेटवरून भाग घेतला होता. पडद्यावरचा तो चेंडू न मिळाल्यानं माणसांचा मूड उतरला आणि ‘आपण कुणाचे तरी आहोत’ ही भावनाही खाली गेली. पुढे हा खेळ असंख्य प्रयोगशाळांमध्ये वापरला गेला.

ही दुखापत चार ठिकाणी होते असं विल्यम्स मांडतात. आपलेपणा तुटतो. स्वतःची किंमत कमी वाटायला लागते. आपल्या हातात काहीच नाही असं होतं, कारण खो मागितला म्हणून मिळत नाही. चौथी जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: आपण आहोत की नाही, असंच वाटायला लागतं. भांडणात समोरचा निदान तुमच्याकडे बघून बोलतो. शिवी देण्यासाठीसुद्धा तुम्ही तिथे असावं लागता. अबोला धरला, बोलणं टाकलं, की तेवढंही उरत नाही. आपल्याकडे बायका सांगतात, “मारलं असतं तरी चाललं असतं, पण बोलणंच टाकलं.” या वाक्यात ती चौथी जागा नेमकी सापडते.

मग प्रश्न येतो की समजूत घातल्यावर हे दुखणं कमी होतं का. संशोधकांनी ते वेगवेगळ्या तऱ्हांनी तपासलं. २००४ च्या एका प्रयोगात खेळणाऱ्यांना आधीच सांगून टाकलं की समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय. तरी वाईट वाटलं. २००६ मध्ये असा खेळ रचला की चेंडू मिळाला की पैसे कापले जायचे, म्हणजे वगळलं जाण्यात फायदाच होता. तरीही वाईट वाटलं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात सांगितलं गेलं की तुम्हाला वगळणारे दोघे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे पाठीराखे आहेत. ज्यांच्या सावलीलाही उभं राहू नये अशांनी चेंडू दिला नाही, तरीही लोकांना लागलं. पहिला घाव डोक्याला विचारून होत नाही. विचार नंतर येतो आणि कोणी वगळलं, का वगळलं, हे जोखून सावरायला मदत करतो. मी त्या मुलीला नळावर, पहिल्या दोन मिनिटांत, ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणाले. ते मनावर घेणं तिच्या हातातच नव्हतं. उलट माझ्या बोलण्यानं दुखण्यावर दुखल्याची लाज चढली असणार.

२००३ साली लॉस एंजेलिसमध्ये १३ जणांना हाच खेळ मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना खेळायला लावलं. वगळलं गेल्यावर मेंदूचा जो भाग जास्त जागा झाला, तोच भाग शरीराच्या वेदनेचा त्रास जाणवतानाही जागा होतो. ‘अपमान आणि हाड मोडणं मेंदूला सारखंच’ अशी वाक्यं त्यावरून खूप फिरली. ती जपून वाचावीत. २०१४ च्या एका बारकाईच्या अभ्यासात दिसलं की जागा एकच असली तरी दोन्ही दुःखांची मेंदूतली नक्षी वेगवेगळी असते. म्हणून ‘लागलं’, ‘जखम झाली’, ‘काळजाला घर पडलं’ हे शब्द शब्दशः घेऊ नयेत, पण ते उगीच आलेले नाहीत एवढं नक्की.

इतकी नाजूक घंटा निसर्गानं बसवली तरी का? माणसाचं पोर वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हातून खातं. कळपाबाहेर पडलेला माणूस पूर्वी फार दिवस जगला नसता. १९९५ साली रॉय बॉमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी एक गाजलेला निबंध लिहिला. कुणाचं तरी असणं ही हौस नाही, भूक-तहानेसारखी गरज आहे, अशी त्याची मांडणी होती. स्वाभिमान म्हणजे गाडीतला पेट्रोलचा काटा, असंही लिअरी सांगतात. आपल्या माणसांत आपली जागा किती शिल्लक आहे ते तो दाखवत राहतो. काटा खाली गेला की अस्वस्थ वाटलंच पाहिजे, त्यासाठीच तो बसवलाय. आणि धोका नसताना दहा वेळा वाजलेली घंटा परवडते, धोका असताना एकदा न वाजलेली परवडत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण टाकलेल्या फोटोला कुणीच काही म्हटलं नाही, तर रात्री त्याची टोचणी लागते ती यामुळेच.

आपल्या समाजाला हे मानसशास्त्र पुस्तकांच्या फार आधीपासून माहीत होतं. म्हणून तर त्याचा शिक्षेसाठी वापर झाला. वाळीत टाकणं, पाणी तोडणं, पंगतीतून उठवणं, कार्याला न बोलावणं, मयताला खांदा न देणं. हात न उगारता माणूस मोडायची ही पद्धत होती आणि आजही पूर्ण संपलेली नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींविरुद्ध मूठमाती अभियान चालवलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळानं २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१७ मध्ये तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाळीत टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे आजही पुष्कळ गावांत ठाऊक नसतं.

इथे थोडं थांबते, कारण चेंडू न मिळणं आणि पाणी न मिळणं या दोन गोष्टी एका मापानं मोजल्या तर मोठा अन्याय होईल.

बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्यांना बसायला वेगळं गोणपाट असायचं. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. १९०१ मध्ये वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायला छोटे बाबासाहेब आणि घरातली इतर मुलं निघाली. नवे सदरे, रेशीमकाठी धोतरं, झगमगत्या टोप्या. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणी आलेलं नव्हतं, कारण पत्र वडिलांना पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आपुलकीनं विचारपूस करत होते. मुलांनी जात सांगितली, तसा त्यांचा चेहराच पालटला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक कबूल झाला, तो दुप्पट भाड्यावर, आणि बैल मुलांनीच हाकायचे, तो बाजूनं चालणार. डब्यात पोटभर जेवण होतं, पण रस्ताभर प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावरही मिळालं नाही. पाणी नाही म्हणून मुलं न जेवता झोपली. बाबासाहेबांनी हे सगळं पुढे स्वतः लिहून ठेवलंय. अस्पृश्यता म्हणजे काय ते आधीही माहीत होतं, पण या प्रसंगानं जबर धक्का दिला, असंही त्यांनी नोंदवलंय.

मसूर माझ्या माहेरापासून लांब नाही. त्या रस्त्यानं जाताना ती बैलगाडी मला दरवेळी आठवते.

या प्रसंगात विल्यम्सनी सांगितलेल्या चारही जागा दिसतात. पण त्या दाखवून थांबलं तर अर्धंच सांगितलं जाईल. कुणी तरी विसरलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं इथे घडलेलं नाही. नियम होता, त्याला धर्माचा आधार होता आणि तो मोडणाऱ्यालाही शिक्षा होती. १९२४ साली मुंबईत संस्था काढताना बाबासाहेबांनी तिच्या नावातच ‘बहिष्कृत’ हा शब्द ठेवला. बाहेर टाकलं गेल्याचं दुखणं त्यांनी लपवलं नाही, त्याला नाव देऊन ते चव्हाट्यावर मांडलं. अशा दुखण्यावर समुपदेशन हा उपाय नसतो. तिथे कायदा लागतो, हक्क लागतात, पाणवठा खुला करावा लागतो.

आता दुसरी बाजू. वगळणारी माणसं दुष्ट असतात का? हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नात आयुष्य घातलं. जन्म पोलंडमधल्या ज्यू घरात, शिक्षण फ्रान्समध्ये. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत पडले म्हणून वाचले, आणि परत आले तेव्हा घरचं जवळपास कुणीही उरलेलं नव्हतं. त्यांना शोधायचं होतं की ‘आपण’ आणि ‘ते’ ही भिंत उभी राहायला कमीत कमी काय पुरतं. १९७० साली छापलेल्या प्रयोगात त्यांनी ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले आणि ‘जास्त सांगणारे’ व ‘कमी सांगणारे’ अशा दोन गटांत टाकलं. वाटणी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला दुसऱ्या दोन अनोळखी मुलांमध्ये गुण वाटायला सांगितलं, त्या गुणांचे पैसे मिळणार होते. समजा, आपल्या गटाला १९ आणि त्यांना २५ देता येतात, किंवा आपल्याला ७ आणि त्यांना १. मुलांचा कल दुसऱ्या वाटणीकडे झुकत गेला. आपलं नुकसान चालेल, पण त्यांच्यापेक्षा वर राहिलं पाहिजे. भाऊबंदकीत बांधाच्या एका विताच्या वादापायी आख्खं शेत पडीक ठेवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे आपल्याला हे वाचून धक्का बसायचं कारण नाही.

आमच्या आठवीच्या मुलींना मी नंतर विचारलं होतं. रागावून नाही, सहज. “बाई, खरंच ध्यानातच आलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला. प्रत्येकीनं आपापल्या मैत्रिणीला खो दिला होता, इतकंच. आठ मुलींच्या आठ साध्या निवडी झाल्या आणि त्यांची बेरीज एका मुलीच्या अंगावर पडली. वगळणारं कुणीच नव्हतं, वगळलं गेलेली मात्र एक होती. यामुळेच ‘कुणी तिला मुद्दाम त्रास दिला का?’ असं विचारून शाळांना काही सापडत नाही. प्रश्न ‘तिला आज खो मिळाला का?’ असा विचारावा लागतो.

उपाय शोधताना लोक पटकन एकीवर भाषणं देतात. भाषणानं भिंत पडत नाही. १९५४ साली मुझफ्फर शरीफ यांनी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका उद्यानात ११ वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट केले, स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले करण्यापर्यंत मजल गेली. मग एकत्र जेवण, एकत्र सिनेमा असं करून पाहिलं, तर जेवणातच मारामाऱ्या झाल्या. शेवटी पाण्याची सोय बिघडली आहे, जेवण आणणारा ट्रक बंद पडलाय, असे पेच उभे केले. रस्सीखेचीत एकमेकांविरुद्ध ओढलेला दोर मुलांनी ट्रकला बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. अशी कामं एकामागून एक होत गेली, तशी तेढ सैल पडत गेली. या प्रयोगावर रास्त टीकाही झालेली आहे. मुलांना न सांगता त्यांच्यात आग लावणं आज कुणी खपवून घेणार नाही. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी लिहून ठेवलं की निरनिराळ्या गटांच्या माणसांना नुसतं शेजारी बसवून भागत नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, काम मिळून हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा.

हे वाचताना मला राहून राहून आमचं साताऱ्याचं बोर्डिंग आठवत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एका छताखाली ठेवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण छत्रपती शाहू बोर्डिंग असं झालं. मुलांनी स्वतः राबायचं, स्वयंपाक मिळून करायचा, जेवायला एकत्र बसायचं. दर्जा समान, कारण भाकरी सगळ्यांना एकाच परातीतली. काम सामायिक, कारण राबलं नाही तर चूल पेटणार नाही. आणि वरच्यांचा पाठिंबा असा की कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. ऑलपोर्टच्या चारही अटी तीस वर्षं आधी साताऱ्यात रोज दोन वेळा पाळल्या जात होत्या. कर्मवीरांनी हे सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. जेवताना कोण कुठे बसतं याकडे त्यांचं नीट लक्ष होतं. २०१६ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव राज्यात पहिलं आलं, तेही सगळ्यांनी मिळून टिकाव-फावडं धरूनच.

वर्गात हे करायची एक पद्धत आहे. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि तणाव वाढला, तेव्हा इलियट ॲरन्सन यांनी ती सुचवली. धड्याचे पाच-सहा तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा आणि त्यानं तो बाकीच्यांना शिकवायचा. ज्या मुलाला सगळे टाळतात त्याच्याकडेही एक असा तुकडा असतो की त्याच्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. मी हे दक्षिण भारताच्या भूगोलाला करून पाहिलं. कावेरीचा तुकडा त्या मुलीला दिला. मुद्दामच दिला, ते मान्य करते. पहिल्या दिवशी तिच्या हेलावर हसू आलंच. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, “थांब की, परत सांग, माझं लिहायचं राहिलं.” एवढंच वाक्य. त्या पावसाळ्यात खो-खोत ती पळायला इतकी चपळ निघाली की नंतर मुली तिला आपल्या बाजूला घ्यायला भांडायच्या. सगळ्याच मुलांचं असं जुळून येत नाही. अंगात चपळाई नसलेल्या मुलालाही जागा मिळायला हवी, आणि ते जास्त अवघड आहे.

वगळलं गेल्यावर माणूस पुढे काय करतो, हे त्याला आशा किती उरली आहे त्यावर ठरतं. परत घेतील असं वाटलं तर तो जास्त गोड वागतो, हो ला हो करतो, इतरांच्या चेहऱ्यांवर बारीक नजर ठेवतो. आशा संपली आणि हातात काहीच उरलं नाही, तर राग बाहेर पडतो. २००६ च्या एका प्रयोगात वगळलेल्यांना कानठळ्या बसवणारे आवाज ऐकवले. काहींना ते सुरू करायचं बटण स्वतःच्या हातात दिलं, काहींना नाही. मग तिखट न खाणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी तिखट सॉस वाढायला सांगितला. ज्यांच्या हातात बटण नव्हतं, त्यांनी कितीतरी जास्त वाढला. त्या अनोळखी माणसानं त्यांचं काही बिघडवलेलं नव्हतं. शाळा सुटलेली, घरात किंमत नसलेली पोरं चौकातल्या कुठल्याही दादाच्या मागे का जातात, याचं उत्तर मला इथे मिळतं. तो दादा त्यांना नावानं हाक मारतो, मिरवणुकीत दोर धरायला देतो. आधी तेवढंही कुणी दिलेलं नसतं.

साधं बघणंसुद्धा मोठं काम करतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात चालत्या माणसांवर एक अभ्यास झाला, २०१२ साली छापला गेला. समोरून येणारी बाई कधी नजरेला नजर द्यायची, कधी आरपार बघायची, जणू माणूस तिथे नाहीच. आरपार बघितलं गेलेल्यांना लगेच विचारलं तेव्हा जास्त तुटल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे रस्त्यात भेटला की, “कुठं चाललायसा?” “हे काय, पुढं.” या प्रश्नोत्तरातून काहीच कळत नाही, आणि कळावं म्हणून ते विचारलेलंही नसतं. तुम्ही दिसलात, एवढं सांगितलेलं असतं. पुण्याच्या होस्टेलवर गेलेली आमची मुलं पहिल्या महिन्यात म्हणतात, इथं कुणी विचारतच नाही.

त्या मुलांसाठी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०११ मध्ये वॉल्टन आणि कोहेन यांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभरात एवढंच पोचवलं: ‘आपण इथले नाही’ असं सुरुवातीला जवळपास सगळ्यांनाच वाटतं आणि ते हळूहळू सरतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं चढत गेले. मात्र २०२३ मध्ये २२ कॉलेजांतल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं, तेव्हा कळलं की जिथे त्या मुलांना सामावून घ्यायला खरोखर जागा होती तिथेच त्याचा उपयोग झाला. जागा नसेल तर धीर देऊन काही होत नाही. ज्या काकांनी ‘मन लावून राहा’ म्हणून पुतण्याला होस्टेलवर सोडलं, त्यांनी एकदा रेक्टरलाही भेटून यावं.

हे सगळं नव्या जखमेचं झालं. जुन्या जखमेचं वेगळं असतं. पहिली पायरी घावाची, दुसरी विचारानं सावरण्याची; पण वगळणं वर्षानुवर्षं चाललं तर तिसरी पायरी येते, असं विल्यम्स सांगतात. माणूस दुखणं दाखवत नाही, जागा मागत नाही, स्वतःच बाजूला होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यांना एकटं राहायलाच आवडतं.

आमच्या थोरल्या काकीचं असं झालं. काका गेले तेव्हा ती पस्तिशीच्या आत होती. संक्रांतीला घरी हळदी-कुंकू असायचं. सकाळपासून काकीच तीळ भाजायची, गूळ किसायची, वाणाच्या वाट्या पुसून परातीत रचायची. चार वाजले, बायकांच्या चपला ओसरीत वाजायला लागल्या, की ती पाटी उचलून गोठ्याकडे निघायची. मी एकदा पदर धरला होता. “म्हशीचं बघायचं हाय बाळा,” म्हणाली. म्हशीचं बघून झालेलं होतं, दुपारीच. तीसेक वर्षांनी, माझं साताऱ्यात स्वतःचं घर झाल्यावर मी तिला बोलावलं तर म्हणाली, “मला नाही गं आवडत तसला गोतावळा.” आणि तिला खरोखर तसं वाटत होतं.

२०२२ च्या मे महिन्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पेपरातली बातमी मी काकीला वाचून दाखवली. तिनं ऐकली, चष्मा पुसला, कणीक मळायला लागली. पुढच्या संक्रांतीला बोलावलं तर आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, पण स्वयंपाकघरात बसून राहिली. तिसऱ्या वर्षी मी बोलावणं केलंच नाही. फोन करून म्हटलं, “काकी, तिळगूळ तुझ्या हातचाच पाहिजे आणि वाटायचाही तूच. मला एकटीला जमायचं नाही.” ती आदल्या दिवशीच पिशवी घेऊन आली.

बायका आल्या. काकी परात घेऊन फिरत होती, प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवत होती, कुणाच्या सुनेची चौकशी करत होती. समोरच्या घरातली नवी सून करंडा घेऊन मागोमाग चालली होती. ओळीत शेवटी तिनं काकीच्या कपाळाकडे हात नेला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. खोलीत बोलणं थांबलं. काकीचा हात आपोआप वर आला, कपाळ झाकायला, आणि अर्ध्यावर राहिला. परात दुसऱ्या हातात तिरकी झाली होती.

“हळद लाव,” ती म्हणाली. “कुंकू राहू दे अजून.”